उपळेकरांचं घर

"सर, तुम्ही एक फोन केलात तर तो येईल की नाही? तेवढंच सांगा."

विद्याधर चिंदरकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. रेगेसर खिडकीपाशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. नव्वदीला टेकलेलं शरीर. झोप लागली होती की काय, कळायला मार्ग नव्हता.

चिंदरकर पुण्याहून मिरजेला आले होते ते एवढ्याचसाठी. उघड्या काँक्रीटच्या त्यांच्या इमारती पाहायला परदेशातून विद्यार्थी येत. पण सव्वीस वर्षं त्या इमारतींचं गणित मांडलं होतं ते उपळेकर इंजिनिअरांनी. चिंदरकरांनी रेघ ओढायची आणि ती कोसळणार नाही हे उपळेकरांनी पाहायचं. दोघांची गाठ घालून दिली होती रेगेसरांनीच.

गेल्या महिन्यात नव्या ग्रंथालयाचे नकाशे उपळेकरांनी न उघडताच परत पाठवले. सोबत चिठ्ठी, एकाच ओळीची. 'आता थकलो.'

मग स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणाऱ्या हुसेन मिस्त्रीनं अंग काढून घेतलं. ठेकेदार लिंगाप्पा म्हणाला, उपळेकरसाहेब नसतील तर असलं बिनखांबी छत मी ओतत नाही. एक माणूस उठला आणि मागोमाग सगळी पंगतच उठली.

"सर... ऐकताय ना?"

"ऐकतोय. भांडलात?"

"नाही हो. सव्वीस वर्षांत कधी आवाज चढला नाही."

"मग दुसरा इंजिनिअर बघ."

"तिघं बघितले. छत बघतात आणि म्हणतात, मधे खांब घाला. उपळेकर असं म्हणायचा नाही. दोन दिवस गप्प बसायचा, आणि मग..." चिंदरकरांनी खिशातला फोन काढून टेबलावर टाकला. "मीही थकलोय, सर. सकाळपासून फोन. याची मनधरणी, त्याची समजूत. इमारत माझी, आणि दारोदार फिरतोय मी."

सरांनी डोळे उघडले.

"त्याच्या दारी गेलास?"

"फोनच उचलत नाही तो."

कष्टानं हात लांबवून सरांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि चिंदरकरांच्या पुढ्यात दोन्ही ठेवलं.

"उपळेकरचं घर काढ."

"घर?"

"साधा नकाशा. दार, खिडक्या. तो बसून गणितं करतो ते टेबल."

चिंदरकरांनी पेन्सिल उचलली. मंत्र्यांसमोर, परीक्षकांसमोर हा हात कधी अडला नव्हता.

"दार..." ते थांबले.

"कुठल्या बाजूला?"

"तो नेहमी माझ्याच ऑफिसात यायचा, सर."

"किती लांब राहतो?"

"वीस मिनिटं. फार तर."

शेजारच्या सतारीच्या दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा लावून बघत होतं.

"घरी कोण कोण?"

"बायको आहे. म्हणजे... मधे आजारी होती असं हुसेन म्हणाला होता. त्या वेळी सभागृहाचं काम चालू होतं, मग..."

"मग?"

चिंदरकरांना पुढचं आठवेना. विचारलं असतं तर आठवलं असतं. ती बाई आज आहे की नाही, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

पेन्सिलीचं टोक कागदाच्या वर तसंच राहिलं. मग त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

"येत नाही, सर..."

रेगेसरांनी तो कोराच कागद उचलला. चष्मा लावला. पूर्वी वर्गात एखाद्या पोराचं काम बघत तसा तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नीट पाहिला. घडी घातली आणि चिंदरकरांच्या हातात दिली.

"हा उपळेकरला नेऊन दे. म्हणावं, तपासून दे."