आधी शेळी, मग नायक

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते नगर ज्या नदीकाठी होतं ती नदीही आता वाट बदलून गेली. पण त्या नगरातली माणसं तुमच्या-माझ्या आळीत अजून भेटतात, म्हणून ही गोष्ट पुन्हा सांगायची.

त्या नगरात राजा नव्हता. दर काही वर्षांनी लोक चावडीसमोर मांडलेल्या घागरींत चिंचोके टाकत. ज्याच्या घागरीत चिंचोके जास्त, तो नगराचा नायक. त्याच्या बोटात नगराची मुद्रा असलेली अंगठी येई. मुदत संपली की ती काढून नव्याच्या हातावर ठेवावी लागे.

अंगठी उतरली की एक विधी होई. नवा नायक वेशीत बसून जुन्याचे पाय तांब्याच्या परातीत धुई. ते पाणी वेशीजवळच्या कडुनिंबाला घालत. पाणी मुळांत जिरलं, की जुन्या नायकाला कुणी कशाचाही जाब विचारायचा नाही. "पाय धुतले, विषय मिटला," असं लोक म्हणत.

या रिवाजाला कारण होतं. पूर्वी कधीतरी नव्या-जुन्या नायकांच्या माणसांत मारामाऱ्या होऊन अर्धा बाजार जळाला होता. शांतता राहावी म्हणून शहाण्यासुरत्या माणसांनी ही तोड काढली. शांतता राहिलीही. फक्त त्यानंतर प्रत्येक नायकाला पहिल्याच दिवशी कळू लागलं, की आपण काहीही केलं तरी शेवटी परात आहेच.

असाच एक नायक होता. दिसायला देखणा, बोलण्यात मध. त्याच्या काळात दुष्काळ पडला आणि नगराचं पेव उघडायची वेळ आली. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. दर सुगीला प्रत्येक घर आपल्या वाट्याची ज्वारी त्यात घाली. मग पेवाच्या तोंडावर मातीचा लेप देत आणि ओल्या लेपावर नायक आपल्या अंगठीची मुद्रा उमटवी.

सगळं नगर टोपल्या घेऊन जमलं. नायकानं स्वतःच्या हातानं लेप फोडला. वरची वीतभर ज्वारी निघाली आणि खाली नुसता भुसा.

नायकानं चोर तिथल्या तिथे शोधून काढला. पेवाचा राखणदार. आरोप नायकानंच केला, निवाडाही नायकानंच दिला. "मी नाही, मी नाही," म्हणणाऱ्या त्या माणसाच्या गळ्यात भुशाची टोपली बांधून त्याला नदीपार हाकललं. भुकेल्या लोकांनी मागून दगडही मारले. भुकेला माणूस विचारत बसत नाही, दाखवलेल्या दिशेला दगड मारतो.

पुढे गाडीवान कुजबुजू लागले. नगराची ज्वारी शेजारच्या राज्यात विकली गेली म्हणे, आणि ती त्यांच्याच गाड्यांतून गेली म्हणे. कुजबूज चुलीपर्यंत पोचली. पुढच्या खेपेला लोकांनी चिंचोके दुसऱ्या घागरीत टाकले आणि एक कासारीण नायिका झाली. दारोदार बांगड्या भरत फिरलेली बाई. हात हलका, जीभ तिखट.

पाय धुवायचा दिवस आला. जुना नायक चौरंगावर बसला. कासारणीनं पाण्याचा तांब्या उचलला, तेवढ्यात गर्दीतून राखणदाराची बायको पुढे आली.

"कासारीणबाई, थोडं पाणी राखून ठेवा."

"कुणासाठी गं?"

"माझ्या नवऱ्यासाठी. त्याच्या गळ्यातली टोपली अजून उतरली नाही. तिकडं नदीपार लोकांची गुरं राखतो. इकडं माझ्या उंबऱ्यावर कुणी पाणी पीत नाही, चोराचं घर म्हणतात. ह्यांचं पाप या परातीत जाणार असेल, तर आमच्या माथी मारलेलं कशात जातं, तेवढं सांगा आणि मग खुशाल पाय धुवा."

जुना नायक गोड हसला. "कासारीणबाई, ऊन चढतंय. रिवाज रिवाजासारखा उरकून घ्या."

कासारणीनं तांब्या खाली ठेवला. "रिवाजाला आज उशीर होईल," ती म्हणाली आणि निघाली.

नगराचा कारभारी धावतपळत तिच्यामागे आला. त्यानं चार नायक पाहिले होते.

"बाईसाहेब, हे अवघड जागेचं दुखणं आहे. त्यांना हात लावलात तर त्यांची माणसं पेटतील. आज ते हरलेले आहेत, उद्या हुतात्मा होतील. आणि तुमच्या बोटातली अंगठी काय कायमची आहे? उद्या तुम्हालाही असंच ओढतील. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणा आणि कामाला लागा."

"गंगेला मिळाली ती आमची ज्वारी," कासारीण म्हणाली. "त्यांचं काय मिळालं?"

कारभारी मूर्ख नव्हता. तो सांगत होता ते सगळं घडू शकत होतं. पण कासारणीच्या डोळ्यांपुढून ती बाई हलत नव्हती. नायक सोडला, तर चोर म्हणून राखणदारच उरणार. शिक्षा तर आधीच झाली होती. ती फक्त चुकीच्या माणसाला झाली होती.

इथपर्यंत कासारणीचं बरोबर होतं. चुकली ती यापुढे.

रागाच्या भरात तिनं दवंडी पिटवली, "चोराचा निवाडा मैदानात होणार." मोठा मंडप पडला. मंडपाच्या घाईत एका कुंभाराची वाळत घातलेली मडकी तुडवली गेली. तो ओरडला, पण ढोलताशांत कुणाला ऐकू गेलं नाही. उंच आसनावर निवाडा करायला कासारीण स्वतः बसली. समोर आरोपीसाठी तेवढंच उंच आसन मांडलं, कारण मागच्यांनाही तो दिसायला हवा होता.

आणि तो दिसला. पांढरे स्वच्छ कपडे घालून, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला.

"माझा गुन्हा एवढाच," तो म्हणाला, "की मी तुमच्यावर जीव लावला."

बायका डोळे पुसू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्याचे लोक कपाळाला भुसा लावून आले. तिसऱ्या दिवशी मैदानाबाहेर भुशाच्या पुड्या विकायला लागल्या. कासारणीची माणसं "सुळावर चढवा" म्हणून ओरडत, त्याची माणसं "आधी आम्हाला चढवा" म्हणून ओरडत. ज्यांनी त्याच्याविरुद्ध चिंचोके टाकले होते, तेही आता म्हणू लागले, "गडी मोठा आहे बरं का."

गाडीवानांनी हा सगळा गलबला पाहिला आणि ते घरीच बसले. इतक्या लोकांपुढे तोंड उघडायला कोण येतो?

संध्याकाळी मंडप रिकामा झाला. राखणदाराची बायको खांबाला टेकून बसली होती. कासारीण तिच्याशेजारी जाऊन बसली.

"जत्रा झकास झाली, बाई," राखणदाराची बायको म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. तुम्हीसुद्धा."

कासारणीला ते लागलं. ती उठली आणि तडक न्यायाधीशाकडे गेली.

नगराला एक म्हातारा न्यायाधीश होता. तो दर बाजाराच्या दिवशी वडाखाली चटई टाकून बसे आणि लोकांचे तंटे ऐके. बांध कुणी कोरला, भिंत कुणी सरकवली, कोंबडी कुणाची. मोठ्या निवाड्यांना त्याला कुणी विचारत नसे. ती आली तेव्हा तो फुटाणे सोलत होता.

"बाबा, हातातून सुटलं सगळं."

"सुटणारच. त्यानं राखणदाराचा निवाडा स्वतः केला, तू त्याचा निवाडा स्वतः करायला बसलीस. फरक कसला, मंडपाचा?"

कासारीण त्याच्यासमोर जमिनीवरच बसली.

"परात म्हणते, तो सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, त्याला विचारू नका," न्यायाधीश म्हणाला. "तुझा मंडपही तेच म्हणतो, की तो सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, बघायला या. अगं, त्याला मोठेपणाच तर हवा असतो. तक्रार त्या बाईची आहे ना? तिला माझ्याकडे पाठव. पाळी आली की ऐकेन."

"आणि तो सुटला तर?"

"पुरावा नसेल तर सुटेल. ते सोसायची तयारी असेल तरच पाठव. नाहीतर तुला न्याय नकोय, सूड हवाय. तो माझ्या दुकानात मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी मंडप उतरला. तिचे लोक म्हणाले, घाबरली. त्याचे लोक म्हणाले, हरली. तिनं दोन्ही ऐकून घेतलं आणि बांगड्यांच्या टोपलीवर फडकं मारत बसली.

बाजाराचा दिवस उजाडला. भुसा लावलेली झुंबड वडाभोवती लोटली. जुना नायक आला, त्यानं इकडेतिकडे पाहिलं. आसन नव्हतं. चटई होती आणि तिच्यावर आधीच माणसं बसली होती.

"माझं कधी?" त्यानं विचारलं.

"बसा. शेळीचं झालं की भिंतीचं, मग तुमचं."

"मी? शेळीच्या मागे?"

"शेळी आधी आली," न्यायाधीश म्हणाला.

तो बसला. शेजारच्या म्हातारीनं त्याला जरा सरकायला सांगितलं. तो सरकला.

शेळीनं एकाचं धोतर खाल्लं होतं, आणि शेळीवाला म्हणत होता की धोतर आधीच फाटकं होतं. यावर बराच खल झाला. मग दोन जावांच्या भिंतीचा तंटा निघाला, तो तर दोघींच्या लग्नापासून सुरू झाला. ऊन तापलं. लोकांनी घोषणा द्यायचा प्रयत्न केला, पण भिंतीच्या तंट्यात घोषणा द्यायच्या तरी कुणाच्या? एकेकाला गुरांची आठवण झाली, एकेकाला भाकरीची. त्याची पाळी आली तेव्हा वडाखाली बाजाराला आलेली नेहमीची माणसं आणि थोडे हट्टी तेवढे उरले होते.

तो उभा राहिला, हात जोडले. "नगरजनहो..."

"ते जेवायला गेले," न्यायाधीश म्हणाला. "माझ्याशी बोला. पेव उघडलं त्या दिवशी लेप फुटलेला होता का?"

"मुळीच नाही. सगळ्यांसमोर मीच फोडला."

"वर मुद्रा होती?"

"ठसठशीत होती."

"मग खालची ज्वारी काढून भुसा भरल्यावर नवा लेप दिला असणार. त्यावर मुद्रा कुणी उमटवली?"

जुना नायक आपल्या रिकाम्या बोटाकडे पाहू लागला.

"राखणदाराकडे अंगठी होती?"

"नव्हती. पण... कुणीतरी चोरून वापरली असेल."

"तुमच्या बोटातली?"

कुणीतरी फस्सकन हसलं. हसणाऱ्याच्या कपाळाला भुसा होता. त्यानं तो हळूच पुसून टाकला.

लेप शाबूत होता हे सगळ्या नगरानं डोळ्यांनी पाहिलं होतं. अंगठी एकाच बोटात असते हे पोराटोरांनाही माहीत होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच. दुष्काळात लोक दगड मारत होते आणि मंडपात ओरडत होते, त्यामुळे विचारायचं राहून गेलं होतं.

गर्दी पांगलेली पाहून कोपऱ्यातला एक गाडीवान उठला. "बाबा, मी दोन शब्द बोलू का?" तो बोलला. मग दुसरा बोलला.

निवाडा लांबलचक नव्हता. "जेवढी ज्वारी गेली तेवढी तुमच्या कोठारातून पेवात पडेल. तुमच्या नावाची घागर चावडीसमोर पुन्हा मांडायची नाही. आणि ज्या वेशीतून राखणदाराला हाकललं, तिथेच उभं राहून तुम्ही सांगायचं, की चोर तो नव्हता, मी होतो."

"आणि गळ्यात टोपली?" कासारणीच्या माणसांतला एक ओरडला.

"टोपली कुणाच्याच गळ्यात नाही. ती शिक्षा आपल्या कायद्यात कधी नव्हतीच. चला, पुढचा. कोंबडी कुणाची?"

संध्याकाळी चौकात थोडा आरडाओरडा झाला, चावडीवर दोन-चार दगड पडले. नगर पेटलं नाही. हुतात्मा म्हणावं, तर तो शेळीच्या मागे पाळीची वाट बघत बसलेला सगळ्यांनी पाहिला होता. काही लोकांना तो शेवटपर्यंत निर्दोषच वाटला. वाटो बापडे.

राखणदार परतला तेव्हा वेशीत चौरंग मांडलेला होता. तो बिचकून थांबला. त्याला वाटलं, कुणी मोठा माणूस यायचा असेल. कासारणीनं त्याला हाताला धरून बसवलं, परात ओढली आणि वर्षानुवर्षं अनवाणी फिरलेले ते पाय धुतले. पाणी कडुनिंबाला घातलं त्याच्या बायकोनं.

कासारीण पुढच्या खेपेला हरली. खोटं कशाला सांगा, हरली. तिची तिखट जीभ लोकांना सोसवेना. अंगठी जुन्या नायकाच्याच गटातल्या एकाच्या बोटात गेली. कारभारी मनात म्हणाला, आता बघा सूड.

वेशीत पाय धुण्याआधी नव्या नायकानं विचारलं, "हिच्याविरुद्ध कुणाची तक्रार?"

मागून कुंभारानं हात वर केला. "माझी मडकी."

कासारीण बाजाराच्या दिवशी चटईवर बसली, एका तेल्याच्या बैलाच्या मागे. पाळी आली, न्यायाधीशानं ऐकलं आणि ती दोषी ठरली. "जेवढी मडकी मोडली, तेवढ्यांची माती तुडवून द्यायची," तो म्हणाला. नगराच्या माजी नायिकेनं लुगडं खोचलं आणि दिवसभर कुंभाराच्या अंगणात चिखल तुडवला.

"घोट्यापर्यंत नीट दाबा, बाई," कुंभार सांगत होता.

"तू मला बांगड्या भरायला शिकव आता," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

तशाच मातीच्या पायांनी ती वेशीत आली. नव्या नायकानं ते धुतले. परातीतलं पाणी गढूळ झालं, कडुनिंबाच्या मुळांत जिरलं, आणि विषय खरोखर मिटला.

म्हणून लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं : पदावरून उतरलेल्याला देव्हाऱ्यात बसवू नये आणि सुळावरही चढवू नये, त्याला इतरांसारखं चटईवर बसवावं आणि पाळी आली की विचारावं.