पडद्यावरचा पंचा

एकदा एका तालुक्याच्या गावी कुंदा नावाची एक अर्ज लिहून देणारी बाई होती. नगरपरिषदेच्या कचेरीसमोरच्या टपरीत एक संगणक, एक प्रिंटर आणि दोन खुर्च्या, एवढाच तिचा संसार. बावीस वर्षांत तिने किती जणांची गाऱ्हाणी टंकित केली, याची गणती नाही. तिला टंकलेखन शिकवले होते गावातल्या एका वृद्ध सरांनी. त्यांच्या संस्थेत विद्यार्थ्याने यंत्रावर हात ठेवले की सर वरून पंचा टाकत. बोटांकडे पाहायचे नाही, हा तिथला पहिला नियम होता. पुढे टाइपरायटर गेले, संस्थाही बंद झाली. सर मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतले नव्हते. सत्तरी उलटल्यावर ते लिनक्स ही जुन्या संगणकांवरही चालणारी मोफत प्रणाली शिकले आणि गावातले जुने संगणक भंगारातून परत आणण्याचा त्यांनी सपाटा लावला.

कुंदाचा संगणकही असाच थकला. जुनी प्रणाली बंद पडली, नवी त्याला पेलेना. सरांनी तिच्या सगळ्या फायली जपून ठेवल्या आणि संगणकावर लिनक्स बसवून दिले. पत्र लिहायचा प्रोग्राम कुठला, तक्ते करायचा कुठला, हे एकेक करून दाखवले. प्रिंटर तर काही न मागता आपणहून ओळखला गेला. लग्नपत्रिकांचा जुना प्रोग्राम मात्र इथे चालणार नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. कुंदाने मान डोलावली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण तिच्या लेखी तिची सारी विद्या म्हणजे पडद्यावरच्या जागा होत्या. डावीकडून तिसरे निळे चित्र दाबायचे, त्यातली 'नमुने' ही पिशवी, म्हणजे फोल्डर, उघडायची, जुना अर्ज काढायचा, नाव आणि तारीख बदलायची, की झाले काम.

दुसऱ्याच दिवशी सकाळी भामाबाई आल्या. कालव्याकाठी एकट्या राहणाऱ्या या बाईंना अतिक्रमणाची नोटीस आली होती. लेखी म्हणणे त्या दिवशी पाच वाजेपर्यंत दिले नाही, तर घर पाडण्याच्या यादीत नाव कायम होणार होते. कुंदाने त्यांना धीर दिला. गेल्या वर्षीही अशीच नोटीस आली होती; तेव्हाचे म्हणणे कचेरीने कारण न सांगता बाजूला सारले होते, पण मजकूर संगणकात तयार होता. तिने ती फाइल उघडली, तर मराठीचे एक अक्षर दिसेना. सगळीकडे इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा नुसता काला झाला होता. दुसरी फाइल उघडली, तिचीही तीच गत. बावीस वर्षांवर पाणी पडले, असे तिला वाटले. भामाबाईंना तिथेच बसवून ती तडक सरांकडे गेली.

सर आले. त्यांनी पडद्याकडे एकदा पाहिले, मग घड्याळाकडे. साडेअकरा झाले होते. त्यांनी लिहिण्यासाठी एक कोरे पान उघडले, टाइपरायटरच्या कळांची जुनी मराठी मांडणी निवडली आणि खांद्यावरचा पंचा काढून थेट पडद्यावर टाकला.

"लिही," ते म्हणाले. "भामाबाई सांगतील तसं."

कुंदाला त्यांचा रागच आला. इथे एका बाईचे घर जायची वेळ आली आहे आणि यांना शिकवणी सुचते, असे तिच्या ओठांवर आले होते; पण ज्यांच्यापुढे हात शिकले त्यांच्यापुढे जीभ उचलेना. तिने खुर्ची ओढली. पडद्यावर पाहण्यासारखे काही नव्हते, म्हणून तिने भामाबाईंच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "बोला, काय झालं?"

भामाबाई बोलू लागल्या. कालवा खोदायला सासरे आले, तेव्हा राहायला मिळालेली ती जागा. तिथे आधी झोपडी, मग विटांचे घर. दर वर्षीची घरपट्टी भरलेली, पावत्या पत्र्याच्या डब्यात. सर्वांत जुनी पावती सासऱ्यांच्या नावाची. कुंदा मध्येच थांबवून विचारत होती, बोटे चालत होती. अर्ध्या तासाने सरांनी पंचा उचलला. पडद्यावर दीड पान स्वच्छ मराठी उभे होते. चुका शोधल्या, तर दोन सापडल्या.

त्यानंतर सरांनी तिची जुनी फाइल घेतली. मजकूर जुन्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये होता, तो आजच्या टंकात बदलणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी चालवला आणि गेल्या वर्षीचे म्हणणे जसेच्या तसे समोर आले. काही हरवले नव्हते. कुंदाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मजकूर मोठ्याने वाचू लागली. तिसऱ्या ओळीवर ती अडखळली. तिथे लिहिले होते, 'सदर दुकान हेच माझ्या उपजीविकेचे साधन आहे.'

"माझं कुठलं गं दुकान?" भामाबाईंनी विचारले.

कुंदाचा चेहरा उतरला. कुण्या पानवाल्याच्या अर्जावर तिने नाव आणि तारीख बदलून दिली होती. गेल्या वर्षी कचेरीने भामाबाईंचे म्हणणे का बाजूला सारले, ते तिला आता कळले. आज ही फाइल सकाळी नीट उघडली असती, तर तेच दुकान तिने पुन्हा कचेरीत पाठवले असते.

सर म्हणाले, "दुकानाचं मलाही ठाऊक नव्हतं, कुंदा. फाइल मात्र मी आधीच उघडून देऊ शकलो असतो. मग उद्या तू दुसऱ्या फायलीसाठी धावत आली असतीस, परवा तिसऱ्या. नव्या घरात तांदळाचा डबा सापडायला चार दिवस लागतात, म्हणून कुणी स्वयंपाक विसरत नाही. तुला वाटलं, तुझी बावीस वर्षं त्या यंत्रात अडकली. ती तुझ्या बोटांत आहेत. कान मात्र तू नमुन्यांच्या पिशवीत ठेवून दिले होतेस, ते आज परत मिळाले."

कुंदाने भामाबाईंची माफी मागितली आणि प्रिंट काढून दिली. दोघी मिळून कचेरीत गेल्या, सोबत पत्र्याचा डबाही नेला. सव्वातीनला पोच मिळाली. महिनाभराने भामाबाई आल्या त्या पेढे घेऊनच. यादीतून त्यांचे नाव वगळल्याचे पत्र आले होते. कुंदाने ते दोनदा वाचले आणि तिला इतके हलके वाटले की निळे चित्र आता कुठल्या रांगेत आहे, याची तिला आठवणही झाली नाही.

अवजार बदलले की आपण हरवलेल्या जागा शोधत बसतो. त्याआधी समोर बसलेल्या माणसाला विचारावे, बोला, काय झालं?