शेंडीचा कोपरा

एकदा काय झालं, माळावर एका धनगराचं पाल पडलं होतं. धनगराचं नाव धुळा, बायको ठकाई, आणि त्यांची लेक येसू. येसू एवढीशी, तुमच्याएवढी. एक कोकरू होतं, आई मेलेलं. येसू दुधात बोट बुडवून त्याला पाजायची. त्याचं नाव तिनं ठेवलं भिंगरी.

मग पौषात येसूला हिंव भरलं. थांबेचना. बापाची घोंगडी घातली, ती टोचली. आईची वाकळ घातली, ती गारढोण पडली. पालात शेकोटी केली, तर धुरानं पोर खोकून खोकून निळी झाली. मग ठकाई रडत बसली. तेव्हा, बरं का, भिंगरी बोलली.

"ठकाई, माझं जावळ काढ. त्याची घोंगडी टोचत नाही."

कोकराच्या पहिल्या लोकरीलाही जावळच म्हणतात, बाळाच्या केसांना म्हणतात तसं. पण एवढ्या थंडीत कोकरू कुणी कातरत नाही. ठकाईचा हात पुढे होईना.

"काढ गं. फक्त शेंडी ठेव. माझा जीव तिथं असतो."

मग ठकाईनं कातरलं, सूत कातलं. धुळा विणायला बसला. घोंगडी खांद्यापासून झाली, छातीची झाली, गुडघे झाकले, आणि सूत संपलं.

"पायाशी एक कोपरा राहिला," धुळा हळूच म्हणाला.

ठकाईनं येसूचे पाय चाचपले. विहिरीच्या पाण्यासारखे गार. मग तिनं कातर परत उचलली. भिंगरीनं मान खाली घातली. शेंडीच्या सुतानं धुळानं तो कोपरा पुरा केला.

दचकू नका, वाऱ्यानं दार वाजलं. वाराच आहे.

सकाळी येसू घामानं भिजून उठली. हिंव गेलं होतं. शेजारी भिंगरी निजली होती. हाक मारली तरी उठेना. येसूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग आईकडे बघितलं.

"आई, माझ्या जावळात शेंडी ठेवली होतीस. हिची का नाही ठेवली?"

ठकाईनं भिंगरीला उचलून पदराखाली घेतलं.

मग येसू मोठी झाली. लग्न झालं, लेकरं झाली, कळप वाढला. सगळी सुखात राहिली म्हणायचं. पण ती घोंगडी येसू उलटीच पांघरायची. शेंडीचा कोपरा गालाशी, पाय उघडे. त्या कोपऱ्यातून रात्रभर ऊन ऊन श्वास यायचा, दुधाच्या वासाचा.

चला, पाय आत घ्या. एक कोपरा गालाशी ओढा. कान नका लावू, ऐकू येत नाही काही. नुसती ऊब घ्या, आणि निजा.