तांबासरची धापूमाई

फार फार वर्षांमागे थरच्या वाळवंटात तांबासर नावाचं तांब्याच्या खाणीचं गाव होतं. तिथे धापू उंटावरून सात कोसांवरचं पाणी आणायची आणि खाणीतल्या कामगारांना पाजायची. चार मुलींनंतर पाचवी झाली, म्हणून आईबापांनी तिचं नाव ठेवलं धापू, म्हणजे 'आता पुरे'.

एके दिवशी खाणीच्या तळाला पाणी फुटलं. हिरवंगार, कडूजहर. कामगार जीव घेऊन वर आले, पण धापूचा नवरा खेता आला नाही. महिन्याभरात गाव ओस पडलं. लोकांनी दारं-खिडक्या, छपराच्या तुळयासुद्धा उंटांवर लादून नेल्या. धापू मात्र हलली नाही.

"खेता इथं आहे. मी कुठं जाऊ?" एवढंच ती म्हणाली.

पाण्याचा उंटही लोकांबरोबर गेला होता आणि घरातलं पाणी संपत आलं. तेव्हा तिला दिसलं, की पारवे खाणीच्या टेकडीतल्या वरच्या बोगद्यात शिरतात आणि ओल्या चोचींनी बाहेर येतात. ती त्यांच्या मागोमाग गेली. आत एका फटीतून थेंब थेंब पाणी झिरपत होतं. चाखलं, तर गोड! खेताची छिन्नी-हातोडी घेऊन ती फट रुंद करू लागली. असं म्हणतात, की तीन वर्षं ती खडक फोडत होती आणि तिचा ठोका बारा कोसांवर ऐकू जाई.

मग मोठा दुष्काळ पडला. त्या ठोक्याच्या रोखानं भोमा नावाचा उंटपाळ सातशे उंट घेऊन आला. उंट बसले ते उठेचनात.

"माई, पाणी आहे का गं?"

पाणी होतं घागरभर. धापू बोगद्यात गेली आणि तिला रडू कोसळलं. "खेता," ती ओरडली, "मी बाहेरून घाव घालते, तू आतून लोट!"

घाव बसला. खडक दुभंगला आणि मनगटाएवढी धार बोगद्याबाहेर धावली. सातशे उंट प्याले तरी धार बारीक झाली नाही, असं म्हणतात.

भोमा एक उंट देऊ लागला. धापू म्हणाली, "उंट नको. जाताना गावातल्या एखाद्या घराचा पडलेला दगड परत भिंतीवर ठेव."

धापू कधी गेली, कोणी पाहिलं नाही. ती धारेच्या उगमाकडे, खडकात चालत गेली, असं म्हणतात.

आजही तांबासरला थांबलेला माणूस आधी 'धापूमाईचा दगड' म्हणत एक दगड भिंतीवर ठेवतो, मगच ओंजळ धरतो. पोरं खडा ठेवतात, म्हातारे नुसता हात लावतात. एका गल्लीतल्या भिंती आता छपराच्या उंचीला आल्या आहेत. मागच्या हिवाळ्यात तिथे दोन कुटुंबांनी चुली मांडल्या.