सासूला दाखवलेला पेपर

“पण सर, तिलाच का दाखवायचा?”

“कारण तुझं तिच्याशीच पटत नाही,” नाडकर्णी सर म्हणाले.

पुण्यातल्या एका कंपनीची ही संगणक-संशोधनाची लॅब. सर तिचे प्रमुख, आणि त्यांचा एक हट्टी नियम होता. कोणताही पेपर, म्हणजे शोधनिबंध, बाहेर पाठवण्यापूर्वी तो ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्याकडून वाचून आणायचा. पोरं याला ‘सासूला दाखवणं’ म्हणत.

तन्मय केळुसकरचा पेपर आज संध्याकाळी साडेपाचपर्यंत परिषदेला जायचा होता. बोललेली मराठी ऐकून लिहून काढणारा त्याचा प्रोग्राम शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर ओळखत होता. दोन वर्षांची मेहनत होती ती. पोरगा हुशार, यात वाद नाही. फक्त ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याची सासू म्हणजे पलीकडच्या टेबलावरची गौतमी वाघचौरे. न पटलेली गोष्ट ती तोंडावर सांगायची.

“ती चिरफाड करत बसणार, सर. वेळ कुठाय?”

सर हसले. “जा.”

थोड्याच वेळात तन्मय जवळजवळ उड्या मारतच परत आला.

“सर, पास! गौतमी म्हणाली, छान आहे. एकही चूक नाही. पाठवू?”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

“एकही नाही?”

“एकही नाही.”

“मग नको पाठवूस.”

“सर! सासूनं कौतुक केलं, तरी नको?”

“म्हणूनच नको.”

सरांनी समोरची खुर्ची दाखवली. “काय बोललास तू तिला?”

“आज? काहीच नाही.”

“आजचं नाही विचारत.”

तन्मय खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर नुसतं पार्किंग होतं.

“मागच्या महिन्यात… मी सगळ्यांना प्रोग्राम दाखवत होतो. ती मध्येच म्हणाली, मला बोलून बघू दे. मी म्हणालो, तुझ्या परभणीच्या मराठीला वेगळं मशीन लागेल. सगळे हसले. गंमत होती, सर.”

“ती हसली?”

“…नाही.”

“त्यानंतर भांडली कधी तुझ्याशी?”

तन्मयनं आठवून पाहिलं. पूर्वी दोघांचं रोज वाजायचं. या महिन्यात एकदाही नाही. त्याला वाटलं होतं, बाई सुधारली.

“नाही भांडली,” तो हळूच म्हणाला. त्याला एकदम फार वाईट वाटलं, आणि ते पेपरबद्दल नव्हतं.

सरांनी त्याचा लॅपटॉप मिटला आणि त्याच्या हातात दिला.

तन्मय गेला. काचेपलीकडचं सगळं सरांना दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. तो गौतमीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. ती मान वर करेना. मग तो काहीतरी बोलला, अगदी थोडंच. तिनं वर पाहिलं. बाजूची खुर्ची त्याच्याकडे ढकलली, माइक तोंडाशी ओढला आणि बोलू लागली. स्क्रीनवर उमटलेलं वाचायला दोघंही पुढे वाकली. आणि मग जे भांडण जुंपलं, ते काचेतूनही ऐकू येऊ लागलं.

साडेपाच वाजून गेले.

तन्मय धावतच आत आला. केस विस्कटलेले, कान लाल.

“सर, पेपर राहिला! ती म्हणते, प्रोग्राम शिकला आपल्याच लॅबमधल्या मोजक्या पुणेरी आवाजांवर, आणि तू परीक्षाही त्याच आवाजांवर घेतलीस. घरच्या पोराला प्रश्नपत्रिका फोडून दिलीस म्हणते! तिचे निम्मे शब्दसुद्धा ओळखले नाहीत त्यानं. दोन वर्षं, सर… पाण्यात!”

या पोराचा सरांना फार लळा होता, आणि आत्ता तो त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

बाहेरून गौतमीचा आवाज आला, थेट परभणीचा. “ए केळुसकर! कुठं पळालास? आजून दुसऱ्याच पानावर हाय मी!”

सरांनी उठून दार उघडून धरलं.

“जा. तुझी पहिली वाचक हाक मारतेय.”