चव नसलेला थेंब

एका राज्यात पुंडरीकाचार्य नावाचे राजपंडित होते. त्यांना चारही वेद पाठ होते, सहा शास्त्रं पाठ होती. फक्त एक आकडा नक्की आठवत नव्हता. बारा वर्षांपूर्वी राजा हेमांगदाने नवं घर बांधलं, तेव्हा आढ्यावरच्या शेवटच्या कौलाची लांबी आपण किती सांगितली? अठरा अंगुळं की सतरा? कोणाला विचारावं, तर आपलं अज्ञान दिसेल. न विचारावं, तर घास गोड लागत नाही.

त्या घराला तीन पावसाळ्यांपासून गळती लागली होती. गळतीही अशी, की राजा बसेल तिथेच ठिपकायची. राजा माजघरात गेला, थेंब माजघरात. देवघरात गेला, थेंब देवघरात. आणि थेंब पडे तिथे राजाच्या अंगाची तिळाएवढी माती होई. पहिल्या पावसाळ्यात पाय गेले, दुसऱ्यात कंबर, तिसऱ्यात डावा हात. श्रावणात माती छातीवर चढू लागली. वैद्य म्हणाले, काळजाला भिडली की उपाय नाही.

"आचार्य," राजा म्हणाला, "डाव्या खांद्यावर आज कोंब फुटला. बहुधा नाचणीचा आहे."

राणीने तोंड फिरवलं. आचार्यांनी घर शाकारणाऱ्या भिवरा कुंभारणीला बोलावलं.

"भिवराबाई, थेंबाच्या बरोबर वरचं कौल बदला."

"तीन वर्षं तेच करते, शास्त्रीबुवा. राजांना उचलून दुसरीकडे बसवतात, तुम्ही बोट दाखवता, मी कौल बदलते. आढ्यावरचं शेवटचं सोन्याचं एक सोडलं तर सगळं छप्पर बदलून झालं. त्याला हळदकुंकू वाहते नि वळसा घालून पुढे सरकते. आता बोट तरी बदला."

आचार्य ओशाळले. पाणी जिथे पडतं, तिथूनच शिरतं, हे आपल्याला कोणी सांगितलं? त्यांनी आठवून पाहिलं. कोणत्याच ग्रंथात ते नव्हतं.

परसातल्या शेवरीवर एक चातक राहत असे. आचार्य त्याच्यापुढे उभे राहिले.

"पक्षिराज, एक थेंब चाखून त्याची वाट सांगाल का?"

"मी पडत्या पावसाखेरीज काही पीत नाही."

"छपरातून पडतो, तोही पडतोच."

चातकाने मान तिरपी केली. "वाद चांगला घालतोस. तीनदा चाखीन. चौथ्यांदा नाही."

तो राजाच्या खांद्यावर बसला आणि त्याने चोच उघडली. "साग," तो म्हणाला.

आचार्य माळ्यावर चढले. सागाच्या वाशाखालून दोऱ्याएवढी ओल सरकत होती. अडुसष्टाव्या वर्षी ते गुडघ्यांवर रांगत तिच्यामागे निघाले. जानवं खिळ्याला अडकलं, ते सोडवलं. वासा संपला, ओल तुळईवर चढली. तिथे लोंबणारा थेंब चातकाने चाखला.

"धूर."

धुराने काळवंडलेली लाकडं फक्त स्वयंपाकघरावर, घराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे हे पाणी ऐंशी हात चालत राजाला शोधायला येतं. आचार्यांना भीतीपेक्षा नवल वाटलं. तुळईला धरून ते थेट आढ्याखाली पोचले. तिथे चातकाने तिसरा थेंब घेतला आणि बराच वेळ डोळे मिटून बसला.

"चव नाही."

"नीट चाखा."

"जिथून आत शिरला, तिथलाच थेंब हा. मातीच्या कौलावरून उतरला असता तर मातीची चव असती. ह्याला कशाचीच नाही."

जो धातू गंजत नाही, तो पाण्याला चव देत नाही. हे आचार्यांनी शिष्यांना शंभरदा शिकवलं होतं. त्यांनी वर पाहिलं. वर सोन्याचं कौल होतं.

ते खाली आले. 

"महाराज, पाणी सोन्याच्या कौलाखालून शिरतं. ते बसवायला मी सांगितलं होतं. मापही मीच दिलं. बहुधा चुकीचं."

"मला ठाऊक होतं," उंबऱ्याबाहेरून भिवरा म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?" राणीने विचारलं.

"राणीसाहेब, शेवटचं कौल घडवणाऱ्याने बसवायचं, धन्याने ते खालून आपल्या हाताने द्यायचं आणि घडवणाऱ्याचं नाव पुकारायचं, ही आमची रीत. त्या दिवशी माझ्या बाच्या, सटवाजीच्या, हातात कौल तसंच राहिलं आणि वर सोनं चढलं. बा जाणता होता, त्याचा शब्द फळायचा. घरी येऊन म्हणाला, माझ्यामागे ह्या घराच्या धन्याला माती कळेल. तीन वर्षांपूर्वी तो गेला. शास्त्रीबुवांनी सांगितलेल्या सोन्याला नावं ठेवणारी मी कोण?"

"ते मातीचं कौल कुठे आहे?"

"आम्ही त्यावर तुळशीपुढची पणती ठेवतो."

"आण," राजा म्हणाला.

तेरा दिवस पावसाला खंड नव्हता, आणि माती आता काळजापासून चार बोटांवर होती. चौघा गड्यांनी राजाला अंगणात उचलून नेलं. राणीने त्याच्यावर इरलं धरलं, तरी पागोळ्यांचे शिंतोडे पायांवर उडाले आणि डाव्या पायाची करंगळी विरघळून ओहोळाला लागली. राजाने उजव्या हाताने कौल वर दिलं. आचार्यांनी शिडी धरली. भिवराने सोन्याचं कौल उचकटून खाली सोडलं.

"सटवाजी कुंभाराचं कौल," राजाने पुकारलं.

"पावसात ऐकू येत नाही," वरून भिवरा म्हणाली.

राजाने दुसऱ्यांदा पुकारलं.

"अजून नाही. बा कानाने अधू होता."

तिसऱ्या वेळी राजाचा आवाज चिरकला, पण तो पार वेशीपर्यंत गेला. कौल खटकन बसलं. घरातला थेंब थांबला. राजाच्या छातीवरची माती भिजल्या पापडासारखी सुटली आणि खालून कातडी दिसली. मग हात, मग पाय. करंगळी तेवढी परत आली नाही. खांद्यावरची नाचणी राणीने परसात लावली, आणि त्या राज्यात पुन्हा कोणत्याही घराचं शेवटचं कौल नाव पुकारल्याविना चढलं नाही.

आचार्यांच्या मनातला त्या आकड्याचा काटा मात्र निघाला नाही. आठ वर्षांनी धीर करून त्यांनी भांडारातून सोन्याचं कौल मागवलं आणि आपल्या बोटांनी मोजलं. अठरा अंगुळं. मग आढ्यावर चढवलेल्या कौलाच्याच साच्यातलं भिवराकडचं मातीचं कौल मोजलं. एकवीस. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा एकवीस. शेवटी म्हणाले, "भिवराबाई, जरा तुम्ही मोजा."

भिवराने आपली जाड, भेगाळलेली बोटं मातीच्या कौलावर ठेवली. बरोबर अठरा भरली.

आकडा चुकला नव्हता. सोनाराने आचार्यांच्या बोटांचं माप घेतलं होतं, आणि त्या बोटांना जन्मात लेखणीखेरीज काही लागलं नव्हतं.