निम्म्या सहीचा अर्ज

विषय : कुरवडे ग्रामपंचायतीचे हंगामी शिपाई श्री. चिंधू रामा खैरे यांना सेवेत कायम करण्याबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज. २) अर्जदाराच्या मामांचा तोंडी निरोप. ३) मंदी.

उपरोक्त विषयी हकीकत अशी, की कुरवडे गावात एक शिपाई होता आणि तो भोळा होता. दवंडी पिटणं, घरपट्टी मागायला जाणं आणि कोंडवाड्याची किल्ली सांभाळणं ही त्याची कामं. मोकाट जनावर कुणाच्या शेतात शिरलं, की चिंधू ते कोंडवाड्यात घाली आणि दंड भरल्यावर धन्याला परत देई. त्याच्यात एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. हा गुण सरकारी कामात फार जपून वापरावा लागतो.

मामाची शेवंता चिंधूला द्यायची, हे लहानपणीच ठरलेलं होतं. पण मामा म्हणाले, "हंगामी माणसाला मुलगी देत नसतात. आधी कायम हो, मग दारात ये." म्हणून चिंधूनं अर्ज केला. अर्जावर सरपंच सर्जेराव आणि विरोधी गटाचे भाऊसाहेब या दोघांची शिफारस हवी होती आणि शेवटी तालुक्याच्या साहेबांची सही.

त्याच साली गावाजवळचा कौलांचा कारखाना बंद पडला. कामगारांनी चहा सोडला, म्हणून हॉटेलवाल्यानं दूध कमी केलं, म्हणून गवळ्यानं पेंड कमी केली, म्हणून म्हशीनं दूध कमी केलं. याला मंदी म्हणतात.

सरपंचांचं म्हणणं, पंचायतीनं खर्च करावा. बाजारात ओटे बांधावेत, म्हणजे लोकांना मजुरी मिळेल. भाऊसाहेबांचं म्हणणं, घरपट्टी निम्मी करावी, म्हणजे लोकांच्या खिशात चार पैसे राहतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. त्यामुळे दोघे एकमेकांशी बोलत नसत. जे बोलायचं ते चिंधूला बोलत.

एके सकाळी चिंधू घरपट्टी मागायला निघाला. वाटेत भाऊसाहेब भेटले.

"चिंधू, मंदीत लोकांकडून घ्यायचं नसतं. ज्याचं त्याला ठेवू द्यायचं. लक्षात ठेव."

"ठेवतो जी."

चिंधू तसाच मागे फिरला आणि त्यानं कोंडवाड्याचं फाटक उघडलं. दंड कुणाकडून घेतला नाही. ज्याची जनावरं त्याच्याकडे जाऊ देत, म्हणाला. जनावरांना आपला धनी आठवला नाही. सरपंचांची मेथी मात्र आठवली. दुपारपर्यंत वाफे साफ झाले.

सरपंच म्हणाले, "चिंध्या, जनावरं सोडायला तुला कुणी सांगितलं?"

"मंदीनं, सरपंच."

"मंदीत जनावर सोडत नसतात, गाढवा. मंदीत पंचायतीनं आपल्याजवळचं बाहेर काढायचं असतं. ते बाहेर आलं की बाजार हलतो. लक्षात ठेव."

"ठेवतो जी."

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. चिंधूनं पंचायतीजवळचं बाहेर काढलं. खुर्च्या काढल्या, बाकडी काढली, टेबलं काढली, छताचा पंखाही उतरवला. सगळं बाजारात नेऊन मांडलं आणि बाजार हलतो का, ते बघत उभा राहिला. बाजार हलला. माणसं खुर्च्यांवर तुटून पडली. न्हाव्यानं दोन नेल्या. कांदेवाल्या आजीनं पंखा नेला. तिच्या घरी वीज नव्हती, पण येईल म्हणाली.

संध्याकाळी पंचायतीची बैठक फरशीवर भरली. भाऊसाहेबांचे गुडघे धरलेले. खाली बसताना त्यांना दोघांनी धरलं. उठताना चौघे लागले.

ते म्हणाले, "हे कुणाचं डोकं?"

"सरपंचांचं," चिंधू म्हणाला.

"वाटलंच मला. अरे, मंदीत अशी उधळपट्टी करायची नसते. मंदीत सगळं निम्म्यावर आणायचं. उरलेलं लोक आपलं आपण बघतात. लक्षात ठेव."

"ठेवतो जी."

अखेर वाद मिटेना, म्हणून ग्रामसभा ठरली. तालुक्याचे कुंभोजकर साहेब स्वतः येणार होते. सरपंचांनी चिंधूला आपली मोटारसायकल दिली. म्हणाले, "फाट्यावर जा आणि साहेबांना घेऊन ये. तुझ्या अर्जावर सही त्यांचीच लागते. नीट आण."

चिंधूनं साहेबांना नीट आणलं. निम्म्यावर आणलं. नाल्याच्या अलीकडे बाभळीखाली गाडी थांबवली आणि म्हणाला, "उतरा साहेब."

"गाव आलं?"

"निम्मं आलं. मंदी आहे. उरलेलं आपलं आपण बघा."

साहेब भर उन्हात नाला ओलांडून चालत आले. पायात बूट एकच होता. दुसरा चिखलात राहिला. बुटांचा जोडही हिशोबानं निम्माच झाला, पण साहेबांना ते पटलं नाही.

सरपंच चिंधूला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तुझं लग्न तुला करायचंय की मोडायचंय? अरे, मंदीत काम अर्ध्यावर सोडायचं नसतं. एकदा सुरुवात केली की शेवट होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. लक्षात ठेव. आणि आता माझ्या ठरावाला हात वर कर. शिफारस मी करतो."

"करतो जी."

भाऊसाहेबांनी दुसऱ्या कोपऱ्यात बोलावलं. "माझ्या ठरावाला हात वर कर. शिफारस माझीसुद्धा लागते, विसरू नको."

"करतो जी."

सभा भरली. मागच्या रांगेत मामा येऊन बसले. शेजारी शेवंता. साहेब एका बुटात उभे राहिले, कारण बसायला खुर्ची नव्हती. गाव मधोमध फाटलेलं होतं. सासरा इकडे तर जावई तिकडे.

पहिला ठराव ओट्यांचा. अर्ध्या गावानं हात वर केले. चिंधूनंही केला. एका मतानं ठराव मंजूर झाला. सरपंचांच्या माणसांनी गुलाल काढला. दुसरा ठराव घरपट्टीचा. उरलेल्या अर्ध्या गावानं हात वर केले. चिंधूचा हात वरच होता. हाही ठराव एका मतानं मंजूर झाला. भाऊसाहेबांच्या माणसांनीही गुलाल काढला.

साहेब म्हणाले, "म्हणजे पट्टी निम्मी झाली आणि खर्च वाढला. पैसे कुठून आणणार?"

"ते विरोधकांना विचारा," सरपंच म्हणाले.

"ते सत्तेवर बसलेल्यांना विचारा," भाऊसाहेब म्हणाले.

साहेबांनी चिंधूकडे पाहिलं. "तू हात खाली घे आधी."

"शेवट झाला का साहेब?"

"झाला. आणि माझं ऐक. या दोघांनी तुझं डोकं फिरवलंय. यापुढे दोघं जे सांगतील ते निम्मंच ऐकत जा. लक्षात ठेव."

"ठेवतो जी."

दोन्ही गट जिंकले होते, त्यामुळे दोन्ही गट खुशीत होते. दोघांनीही अर्जावर शिफारस लिहून दिली. कित्येक वर्षांत प्रथमच सरपंच आणि भाऊसाहेब एका सुरात बोलले, "साहेब, आता चिंधूच्या अर्जावर सही करा."

टेबल नव्हतं, म्हणून साहेबांनी एका पोराच्या शाळेच्या पाटीवर कागद ठेवला. मामा उठून उभे राहिले. शेवंतानं पदर सारखा केला. साहेबांनी 'वि. ह.' लिहिलं, पुढे 'कुंभो' लिहिलं. तेवढ्यात चिंधूनं कागद ओढून घेतला. पेन पाटीवर गेलं.

"अरे, काय केलंस हे?"

"सही करा, असं हे दोघं म्हणाले साहेब. मी निम्मं ऐकलं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि उरलेल्या बुटासह ते फाट्याकडे चालू लागले. मोटारसायकल ते नको म्हणाले.

मामांनी कागद उजेडात धरून उलटसुलट पाहिला. "निम्मी सही झालीय. मग आपणही निम्म्यावर थांबू. साखरपुडा उरकून घेऊ."

"आणि लग्न?" चिंधूनं विचारलं.

"उरलेली सही झाली की."

शेवंता म्हणाली, "बाबा, 'जकर' एवढंच राहिलंय. मी लिहून टाकू का?"

मामा नको म्हणाले.

सद्यस्थिती : ओट्यांना पैसा नाही, कारण पट्टी निम्मी झाली. निम्मी पट्टी लागू नाही, कारण ओट्यांना पैसा हवा. सदर अर्ज सही झालेला आहे, म्हणून पुन्हा सहीसाठी ठेवता येत नाही. सही पूर्ण नाही, म्हणून आदेश काढता येत नाही. कुंभोजकर साहेबांची बदली झाली असून, उरलेली सही नव्या साहेबांनी करावी काय, याबाबत वरून मार्गदर्शन मागवलं आहे. साखरपुडा झाला. अर्ज प्रलंबित आहे.